त्रैक्य बायबलमधलं की निकेआतलं? (मामांचा बाप्तिस्मा परत करायचा म्हणतायत)

नगरी_माणूस
विषय नाजूक आहे पण इथे सगळ्या प्रकारचे लोक येतात म्हणून टाकतोय. आमचं घर पाच पिढ्या ख्रिस्ती, नगर जिल्ह्यातलं, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचं. मामा ७१ वर्षांचे, उभं आयुष्य चर्चमध्ये पेटी वाजवली. आता त्यांचा मुलगा एका नवीन मंडळीत जायला लागलाय आणि तो म्हणतो पप्पा तुमचा बाप्तिस्मा झालेलाच नाही, कारण तो पिता पुत्र आणि पवित्र आत्मा असं म्हणून झाला, नुसत्या येशूच्या नावाने नाही. त्रैक्य, म्हणजे देव एकच पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघं, हे म्हणे रोमच्या बादशहाने ३२५ साली निकेआच्या बिशपांच्या परिषदेत मतदान घेऊन ठरवलं, बायबलात तो शब्दच नाही. मामा रात्री साडेदहाला फोन करून मला विचारतात, अरे मग मी इतकी वर्षं कोण होतो?

माझं म्हणणं असं की शब्द बायबलात नाही हे खरंच आहे, त्यात लपवायचं काय. पण बारसं बाराव्या दिवशी झालं म्हणून बाळ बाराव्या दिवशी जन्मलं असं कोणी म्हणत नाही. मत्तय २८:१९ मध्ये तिघं एका ओळीत आहेत. योहान २०:२८ मध्ये शिष्य थोमा येशूला सरळ माझ्या देवा म्हणतो आणि येशू त्याला गप्प करत नाही. बोला. भांडा पण शिव्या नकोत.

कृत्ये_२_३८
मुलगा बरोबर बोलतोय, रागावू नका. मत्तयात "नावाने" आहे, "नावांनी" नाही. एकवचन. मग ते एक नाव कोणतं? पिता हे नाव आहे का? ते नातं झालं. मी आईचा मुलगा, बायकोचा नवरा आणि पोरांचा बाप आहे, म्हणून रेशनकार्डावर माझी तीन नावं लागत नाहीत. येशूचा शिष्य पेत्राने पहिल्याच दिवशी सांगितलं येशू ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा घ्या, प्रेषितांची कृत्ये २:३८. पुढे ८:१६, १०:४८, १९:५ सगळीकडे तेच. प्रेषितांनी एकदा तरी तीन नावं घेऊन बाप्तिस्मा दिल्याचं दाखवा, मी आत्ता माघार घेतो.

वसईकर_वाडवळ
दादा हे जुनंच आहे, तिसऱ्या शतकात रोममध्ये सॅबेलियस हेच म्हणायचा, देव एकच आणि तो तीन मुखवटे लावतो. पण मग गेथशेमाने बागेत येशू रात्री प्रार्थना कोणाला करत होता, स्वतःलाच? यार्देन नदीत येशूच्या बाप्तिस्म्याला मुलगा पाण्यात, आत्मा कबुतरासारखा खाली येतोय आणि आवाज आकाशातून, हा काय एकपात्री प्रयोग होता का? तुमच्या रेशनकार्डवाल्या माणसाला स्वतःच्याच मुलाशी फोनवर बोलता येतं का ते सांगा.

आणि प्रेषितांच्या जवळच्या काळातलं दाखवतो. दिदाखे म्हणून एक छोटं पुस्तक आहे, पहिल्या शतकाचा शेवट किंवा दुसऱ्याची सुरुवात, त्यात बाप्तिस्मा कसा द्यायचा ते लिहिलंय, पिता पुत्र पवित्र आत्मा या नावाने, वाहतं पाणी असेल तर उत्तम, नसेल तर डोक्यावर तीनदा ओतलं तरी चालेल. म्हणजे निकेआच्या दोनेकशे वर्षं आधी. बादशहाचे आजोबापण जन्मले नव्हते.

कृत्ये_२_३८
दिदाखे बायबलात नाही. आणि त्याच पुस्तकात थोडं पुढे "प्रभूच्या नावाने बाप्तिस्मा झालेले" असंही आहे, तेही वाचा 🙂

वसईकर_वाडवळ
वाचलंय. तेच तर म्हणतोय, त्या लोकांना दोन्ही एकच वाटत होतं, भांडण तुम्ही लावताय. "येशूच्या नावाने" म्हणजे येशूच्या अधिकाराने, मंत्राचे शब्द नव्हेत.

शंकेखोर
मी कुठल्याच देवाचा नाही त्यामुळे मला दोन्हीकडून मार मिळेल, तरी इतिहास थोडा सरळ करतो.

निकेआत त्रैक्य ठरलं नाही. तिथे भांडण एकच होतं, पुत्र हा पित्याइतकाच देव की पित्याने निर्माण केलेला सगळ्यात थोर जीव. अलेक्झांड्रियाचा अरियस म्हणायचा असा एक काळ होता जेव्हा पुत्र नव्हता. परिषद म्हणाली नाही, दोघांचं सत्त्व एकच. दोन बिशप शेवटपर्यंत मानले नाहीत, त्यांना अरियसबरोबर हद्दपार केलं. पवित्र आत्म्याबद्दल निकेआच्या मसुद्यात फक्त "आणि पवित्र आत्म्यावर" एवढंच आहे, अक्षरशः वाक्य तिथेच संपतं. त्याचं सविस्तर झालं ३८१ ला कॉन्स्टँटिनोपलमध्ये.

आता बादशहाने ठरवलं म्हणणाऱ्यांसाठी. हाच कॉन्स्टंटाईन ३३७ मध्ये मरताना बाप्तिस्मा घेतो तो निकोमेडियाच्या युसेबियसकडून, जो अरियसचा पाठीराखा. त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस तर उघड दुसऱ्या बाजूला. निकेआची बाजू लढवणारा अथानेसियस पाच वेळा हद्दपार झाला. सरकार ज्याच्या बाजूने असतं त्याला पाचदा गाव सोडावं लागतं का? बादशहाचा हात होताच, पण दर वीस वर्षांनी वेगळ्याच खांद्यावर होता, आपल्याकडच्या पक्षांतरासारखं. कायद्याने सक्ती झाली ती थिओडोसियसने ३८० मध्ये केली, तिथून पुढे मात्र न मानणाऱ्यांचे हाल झाले ते झाले. आणि हे फक्त कॅथलिकांच्या माथी मारू नका, मिगेल सर्व्हेटसला त्रैक्य नाकारलं म्हणून जिनिव्हात जिवंत जाळलं, २७ ऑक्टोबर १५५३, प्रॉटेस्टंट पुढारी कॅल्विनच्या गावात.

जाता जाता एक किस्सा. निस्साचा ग्रेगरी, निकेआच्या बाजूचाच बिशप, कॉन्स्टँटिनोपलबद्दल वैतागून सांगतो की या शहरात सुटे पैसे मागा तर माणूस जनित (जन्मलेला) आणि अजनित (न जन्मलेला) यावर बोलायला लागतो, पावाचा भाव विचारा तर म्हणतो पिता मोठा पुत्र लहान, आंघोळीचं पाणी तापलं का विचारा तर उत्तर येतं पुत्र शून्यातून निर्माण झाला. आपला हा धागा काही नवीन नाही.

गाणगापूरला_जाणारा
एवढं डोकं का खाताय राव, आमचा दत्त बघा. तीन डोकी सहा हात एक देव. ब्रह्मा विष्णू महेश. विषय संपला. चहा घ्या.

वसईकर_वाडवळ
चहा घेतो पण विषय नाही संपत 😄 तुमच्याकडे एक निर्माण करतो, एक सांभाळतो, एक संहार करतो, खाती वाटलेली आहेत. आमच्यात खातेवाटप नाही, जे पिता करतो ते तिघंही करतात. फरक फक्त एकमेकांशी असलेल्या नात्याचा. मी धर्मशिक्षणाच्या वर्गात पोरांना शिकवतो, सांगतो काय होतं ते. पाणी बर्फ वाफ सांगितलं की तो सॅबेलियस झाला, कारण तेच पाणी एका वेळी तिन्ही नसतं. अंड्याचं कवच पांढरं पिवळं सांगितलं की देवाचे तुकडे झाले, नुसतं कवच म्हणजे अंडं नव्हे. सूर्य आणि किरण सांगितलं तर एक आठवीतला पोरगा म्हणाला सर म्हणजे किरण सूर्य नाही ना, झाला अरियस तयार. (तरी सूर्याचा दाखला त्यातल्या त्यात बरा, निकेआच्या मतांगीकारातच, म्हणजे विश्वासाच्या कबुलीतच, "प्रकाशापासून प्रकाश" आहे.) शेवटी फादर म्हणाले तू उदाहरणं देणं बंद कर आणि त्यांना क्रूसाची खूण नीट करायला शिकव.

भारतीय शब्दांतच सांगायचं तर दत्तापेक्षा जवळचं सच्चिदानंद. ब्रह्मबांधव उपाध्याय म्हणून बंगाली ब्राह्मण, कॅथलिक झाला, त्याने १८९८ मध्ये संस्कृतात त्रैक्याचं स्तोत्र लिहिलं, वंदे सच्चिदानंदम्. सत् पिता, चित् पुत्र, आनंद आत्मा. अजून गातात.

एकच_पिता
मी यहोवाच्या साक्षीदारांच्या (त्रैक्य न मानणारा पंथ) घरात वाढलो, आता जात नाही, पण यावर मत बदललेलं नाही. नगरी साहेब बारशाचं उदाहरण छान आहे पण आधी पाळण्यात बाळ तरी दाखवा. येशू स्वतः म्हणतो पिता माझ्यापेक्षा थोर आहे, योहान १४:२८. मार्क १३:३२ मध्ये म्हणतो तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, फक्त पित्याला. ज्याला काही गोष्टी माहीत नाहीत तो सर्वज्ञ कसा? त्यावर उत्तर येतं की ते तो माणूस म्हणून बोलला. म्हणजे सोयीचं असेल तेव्हा देव, अडचण आली की माणूस.

आणि तिघं एक आहेत असं स्पष्ट म्हणणारी एकच ओळ होती, १ योहान ५:७. ती जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. इरॅस्मस नावाच्या पंडिताने १५१६ च्या छापील ग्रीक नव्या करारात ती घेतली नाही, बोंबाबोंब झाली, मग १५२२ च्या आवृत्तीत घातली. आज बहुतेक भाषांतरांतून ती गेली किंवा तळटीपेत बसली. जी शिकवण इतकी उघड आहे तिला बाहेरून ओळ आणून का लावावी लागली?

नगरी_माणूस
ओळ मागून आली हे मान्य, आमच्या पाळकसाहेबांनीच आम्हाला ते सांगितलं होतं. पण अथानेसियस सगळं भांडला त्यात त्या ओळीचा आधार नव्हता, त्यामुळे ती काढल्याने इमारत पडत नाही. आणि "थोर" बद्दल, माझा बाप माझ्यापेक्षा थोर आहे पण मी त्याच्यापेक्षा कमी माणूस नाही. मार्क १३:३२ मात्र मलाही अडतं, खोटं कशाला बोलू. त्याचं पटेल असं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

मिरजेची_सतार
मुसलमान घरातून बोलते. आमच्याकडे हे लहानपणीच क्लिअर असतं, सूरह निसा १७१, "तीन म्हणू नका". ईसा अलैहिस्सलाम पैगंबर, मरियमचे पुत्र, अल्लाहचं वचन. देवाला मुलगा ही कल्पनाच आम्हाला पटत नाही.

पण मी अरबी इतिहास शिकले तेव्हा एक गोष्ट कळली ती इथे सांगते, घरी नाही सांगत 😅 आमच्यातही असंच भांडण झालंय. कुराण हे अल्लाहचं वचन, मग ते अल्लाहसारखं अनादी की निर्माण केलेलं? मुअतझिला म्हणून एक विचारपंथ होता, ते म्हणायचे निर्माण केलेलं, नाहीतर अल्लाहच्या जोडीला दुसरं अनादी काहीतरी मानावं लागेल. ८३३ मध्ये खलिफा मामूनने काझींना आणि आलिमांना बोलावून बोलावून चौकशी लावली, इमाम अहमद इब्न हंबल मानले नाहीत, त्यांना कैद झाली, पुढच्या खलिफाच्या वेळी फटके बसले. शेवटी टिकली ती अनादीवाल्यांचीच बाजू. म्हणजे वचन वेगळं पण वेगळं नाही हे कोडं फक्त चर्चचं नाही.

शंकेखोर
या धाग्यातली आत्तापर्यंतची सगळ्यात भारी पोस्ट. नगरी, तुमच्यासाठी पण एक आहे. तुमची मंडळीच त्रैक्याच्या भांडणातून जन्मली आहे. १८०५ मध्ये बोस्टनजवळच्या हार्वर्डला धर्मशास्त्राच्या गादीवर युनिटेरियन माणूस बसला, म्हणजे त्रैक्य न मानणारा. जुन्या मताचे लोक चिडून बाहेर पडले आणि १८०७ मध्ये अँडोव्हरला स्वतःचं कॉलेज काढलं. तिथल्याच पोरांच्या धडपडीतून अमेरिकन मिशन बोर्ड उभं राहिलं, त्यातला गॉर्डन हॉल १८१३ ला मुंबईत उतरला आणि १८३१ ला मिशन नगरला पोचलं. आणि युनिटेरियन पण मागे राहिले नाहीत, आपले विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ला ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला गेले ते त्यांच्याच शिष्यवृत्तीवर. बोस्टनच्या भावकीतली एक पाती नगरला, दुसरीच्या गोतावळ्यात प्रार्थना समाज.

केडगावची_सून
पुरुषमंडळींनो पंडिता रमाबाईंचं नाव कोणीच घेत नाही? बाईंनी २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि नंतर त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी आणि चेल्टनहॅम कॉलेजच्या मिस बील यांच्याशी पत्रांतून कडाकडा भांडल्या, त्रैक्यावर, ख्रिस्ताच्या देवत्वावर. सिस्टर म्हणत तू चर्चचं ऐक. बाईंनी १८८५ मध्ये लिहिलं की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मी आत्ताच मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. पत्रं छापलेली आहेत. बाप्तिस्मा झालेली, बायबल ग्रीक हिब्रूतून मराठीत आणणारी बाई. आता सांगा ती त्या दोन वर्षांत ख्रिस्ती नव्हती का?

वसईकर_वाडवळ
ताई आदर आहे, पण बाई तिथेच थांबल्या नाहीत ना. १८९१ च्या सुमाराला त्यांचा अनुभव बदलला आणि पुढे त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ख्रिस्ताला देव मानूनच सगळं चाललं.

कृत्ये_२_३८
आणि १९०५ ला तिथेच पवित्र आत्म्याचं संजीवन झालं, आमचे लोक मुक्तीचं नाव अजून घेतात.

केडगावची_सून
बघा, लगेच दोघांनी बाई वाटून घेतल्या. माझा प्रश्न १८८५ चा होता. त्याला कोणीच हात लावला नाही.

वसईकर_वाडवळ
बरं लावतो. माझ्या चर्चच्या नियमाने बाप्तिस्मा तीन नावांनी झाला असेल तर तो झाला, नंतर शंका आली म्हणून पुसला जात नाही. आणि दुसऱ्यांदा देत नाहीत. त्यामुळे हो, ख्रिस्ती होत्या, भांडकुदळ ख्रिस्ती. आणि नगरी, याच नियमाने मामांचा प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा आम्ही कॅथलिकसुद्धा मानतो, त्यांना सांग.

एकच_पिता
म्हणजे मनात काय आहे याला किंमत नाही, शब्द बरोबर पाहिजेत. मग तुमच्यात आणि त्या मुलाच्या मंडळीत फरक काय, त्यांचेही शब्दच आहेत.

वसईकर_वाडवळ
…हे जरा लागलं. विचार करून लिहितो.

नगरी_माणूस
काल मामांना हे सगळं वाचून दाखवलं. ग्रेगरीच्या पावाच्या भावावर फार हसले, रमाबाईंच्या ठिकाणी गप्प झाले, मग म्हणाले परत वाच. मुलाला त्यांनी सांगितलंय की तुझ्या समाधानासाठी येतो नदीवर, पण मी मनात तिघांचं नाव घेणार, तुला चालेल का. मुलगा म्हणाला नाही चालणार. मग मामा म्हणाले ठीक आहे, तसंही प्रवरेला पाणी नाही आणि माझे गुडघे दुखतात.

कृत्ये_२_३८
नदीच पाहिजे असं नाही, टाकीतही होतं. फक्त पूर्ण बुडावं लागतं.

नगरी_माणूस
सांगतो. पण रविवारी त्यांना पेटी वाजवायला जायचंय, दुसरा कोणी नाही.