पिएन्झाजवळ मेंढ्यांच्या डेअरीत शेतावरचं जेवण: जागा कशी निवडावी?

रानवाटा:
मे अखेरीस इटलीत टस्कनीत आहोत. पिएन्झा गावाच्या आसपास, व्हाल दोर्चा खोऱ्यात घरच्याच मेंढ्या, घरचंच चीज आणि त्याच घरचं जेवण अशी जागा हवी आहे. चौघं आहोत, पैकी दोघं शाकाहारी (अंडं चालतं). गाडी भाड्याची. नुसती हॉटेलांची नावं नकोत, निवडताना काय विचारायचं ते सांगा.

निवळी:
महिना चांगला निवडलाय. मेंढी गाईसारखी बारमाही दूध देत नाही. उन्हाळा संपता संपता बहुतेक कळप आटतात आणि नवी कोकरं झाल्यावरच पुन्हा दूध सुरू होतं. सप्टेंबरात 'आमच्या डेअरीचा ताजा रिकोटा' कुणी वाढला, तर दूध कुठलं ते जरूर विचारा.

पाटीवर 'आग्रितुरीस्मो' (शेतावर मुक्काम-जेवण) लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. २००६ च्या कायद्याप्रमाणे ते शेतकऱ्यालाच चालवता येतं आणि शेती हाच मुख्य धंदा असावा लागतो, पण शेती द्राक्षांची असली तरी पाटी तीच. तुम्हाला हवा शब्द 'काझेइफीचो', म्हणजे चीज बनवायची जागा. मेलमध्ये दोनच प्रश्न टाका: दूध तुमच्याच कळपाचं का, आणि चीज कोणत्या दिवशी, किती वाजता करता?

वेळ विचारायचं कारण रिकोटा. दूध ३५-३८ अंशांवर आणून रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) घालतात, साधारण अर्ध्या तासात ते घट्ट होतं. मग दही कापतात: ताज्या चीजसाठी अक्रोडाएवढे तुकडे, मुरवायच्या चीजसाठी बारीक, म्हणजे पाणी जास्त सुटतं. दही साच्यात गेल्यावर उरलेली निवळी ८०-९० अंशांपर्यंत तापवतात. पांढरे गोळे वर तरंगू लागले की झाऱ्याने अलगद काढून टोपल्यांत निथळत ठेवतात. तोच रिकोटा. निवळी खळखळून उकळली किंवा जोरात ढवळली तर तो रवाळ, कोरडा होतो. कोमट असताना चमच्याने नुसता खा, मध नंतर. दुसऱ्या दिवशीचा वाईट नसतो, पण त्यासाठी एवढ्या लांब जायची गरज नाही.

तिखटमीठ:
शाकाहाऱ्यांसाठी खरी अडचण मटणाची नाही, रेनेटची आहे. पेकोरिनो रोमानो या मेंढीच्या चीजला कोकराच्या पोटातलं रेनेट लागतं, पार्मेजानो या गाईच्या चीजला वासराचं. शिवाय किसलेलं चीज न विचारता पानात पडतं. काही डेअऱ्या वनस्पतिजन्य रेनेट किंवा काटेरी कार्दो फुलाचं रेनेट वापरतात. 'काल्यो वेजेताले?' (रेनेट वनस्पतीचं का?) असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. नुसतं 'वेजेतारियानो' म्हटलंत तर मांस गाळतील, चीज तेच राहील.

'पीची आल्लाल्योने' मागवा: हाताने वळलेल्या जाड शेवया, टोमॅटो आणि मोठ्या पाकळ्यांचा सौम्य लसूण. सूप कशात शिजवलंय ते विचारा. भाज्यांच्या दिसणाऱ्या सूपमध्येही मांसाचं पाणी किंवा डुकराची चरबी असू शकते.

डोंगरकडा:
या भागातले बरेच मेंढपाळ मूळचे सार्दिनियाचे. १९५०-६० च्या दशकांत अर्धेलीची शेती मोडली, खंडकरी शहरात गेले आणि ओस पडलेल्या जमिनींवर हे लोक कळप घेऊन आले. त्यामुळे टस्कनीच्या ताटात सार्दिनियाचे पदार्थही दिसतील. 'सेआदास' दिसलं तर घ्या: आत चीज भरलेली तळलेली पारी, वर मध. मात्र पारीत बहुधा डुकराची चरबी असते, म्हणजे तुमच्यातल्या दोघांना बाद.

चीज चाखताना ताज्यापासून जुन्याकडे जा. लाल सालीवर टोमॅटो चोळलेला असतो, काळ्या सालीवर राख किंवा तेलाचा गाळ, काही अक्रोडाच्या पानांत मुरवतात. पिएन्झाच्या मुख्य गल्लीत रंगांची नुसती रेलचेल. विकत घेताना लेबलावर 'लात्ते ओवीनो' (मेंढीचं दूध) पाहा. 'मिस्तो' असेल तर गाईचं दूध मिसळलंय. 'क्रूदो' म्हणजे कच्चं दूध, गरोदर बाईने टाळावं.

रानवाटा:
फारच उपयोगी, धन्यवाद! दुपारी जावं की रात्री? आणि चीज जर्मनीला न्यायचंय.

निवळी:
दुपारी. चीज सकाळी होतं, ते बघून साडेबारा-एकला पानावर बसा. रविवार आणि २ जूनची सुट्टी टाळा, घरंच्या घरं जेवायला येतात. जेवण बहुधा ठरलेलं असतं, त्यामुळे वाइन दरात धरली आहे का ते आधीच विचारून ठेवा. शेताचा शेवटचा रस्ता पांढऱ्या खडीचा असतो आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात टायर, काच आणि गाडीचा तळ बहुधा धरत नाहीत. चालवणाऱ्याने वाइन जपून: मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम, परवाना तीन वर्षांच्या आतला असेल तर शून्य.

जर्मनीला नेण्यात काहीच अडचण नाही. 'सोत्तोवूओतो' म्हणा, हवा काढून बांधून देतात. घरी पोचल्यावर प्लास्टिक काढून कागदात गुंडाळा, नाहीतर सालीला पाणी सुटून वास धरतो. रिकोटा मात्र बांधून घेऊ नका.

डोंगरकडा:
लंडनवाल्यांनी हे वाचून चीज उचलू नये. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून वैयक्तिक सामानात चीज आणायला बंदी घातली. निघण्याआधी तेव्हाचा नियम पाहा.

तिखटमीठ:
आणि बुकिंगच्या मेलमध्ये पहिल्याच ओळीत आकडा टाका: चार माणसं, दोन शाकाहारी, रेनेट वनस्पतीचं. शेवटी लिहिलेलं स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही.