वॉल्ट डिस्ने वर्ल्ड: चार पार्क म्हणून चार दिवस, हा हिशेब सोडून द्या

पाऊलवाट

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड बघायला फ्लोरिडातल्या ऑरलँडोचा बेत आखताना बहुतेक घरांत एकच हिशेब होतो. मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, अ‍ॅनिमल किंगडम. पार्क चार, म्हणून दिवस चार, तेही सलग, आणि पाचव्या दिवशी परतीचं विमान. माझं मत असं की सोबत सहा-सात वर्षांखालचं मूल किंवा सत्तरीचे आई-वडील असतील, तर हा बेत करूच नये. दोन पार्क निवडावेत, मध्ये एक दिवस पूर्ण मोकळा ठेवावा आणि उरलेले दोन पार्क खुशाल सोडून द्यावेत.

कारण पार्कातला दिवस गेटपाशी सुरू होत नाही. मॅजिक किंगडमचंच घ्या. तिथे स्वतःची गाडी गेटपर्यंत जात नाही. ती तलावाच्या अलीकडच्या पार्किंगमध्ये लावायची, बॅगा तपासून घ्यायच्या, मग मोनोरेल किंवा फेरीबोटीने पलीकडे जायचं. यात अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि रात्री आतषबाजी संपल्यावर सगळी गर्दी एकदमच निघते तेव्हा त्याहून जास्त. मधल्या वेळात दहा-बारा किलोमीटर चालणं होतं. मोठ्या माणसाच्या पायांचे तुकडे पडतात, तिथे चार वर्षांच्या पोराचं काय होणार?

दुपारी तीनच्या सुमाराला मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. बाबागाड्यांमध्ये घामेजलेली मुलं माना टाकून झोपलेली असतात. एक पालक फोनवर रांगांच्या वेळा बघत असतो, दुसरा सावली शोधत असतो. आणि त्यांचं बोलणं ऐकलंत तर एकच वाक्य कानावर येतं, ‘अजून एवढं राहिलंय.’ हे एक दिवस ठीक आहे. सलग चार दिवस हेच झालं तर त्याला सहल कशी म्हणायची?

सोनचाफा

पूर्ण असहमत. दमणूक होते हे खरं, पण त्यावर उपाय दिवस वाढवणं हा आहे, पार्क कमी करणं नव्हे.

एवढ्या लांब जायचं, विमानाचे पैसे भरायचे, वर्षभर मुलांना सांगत राहायचं, आणि ऐनवेळी अर्धं बघून परत यायचं? यातली बहुतेक घरं पुन्हा ऑरलँडोला जाणार नसतात. शिवाय तिकिटाची रचना बघा. जितके जास्त दिवस घ्याल तितका दर दिवसाचा भाव उतरत जातो. पहिले दोन-तीन दिवस महाग, पुढचा प्रत्येक दिवस त्या मानाने स्वस्त. आणि चार दिवसांचं तिकीट चार सलग दिवसांतच वापरावं लागतं असंही नाही, ते सात दिवसांच्या मुदतीत चालतं. पाच दिवसांचं आठ दिवसांत. म्हणजे मोकळा दिवस ठेवण्यासाठी एकही पार्क गमवावा लागत नाही, फक्त हॉटेलच्या रात्री वाढतात.

आणि सोडायचे दोन पार्क कोणते, ते तुम्ही लिहिलं नाही. अ‍ॅनिमल किंगडम सोडायचं म्हणाल तर लहान मुलांसाठी तीच सर्वांत चांगली जागा. किलिमांजारो सफारीला उंचीची अट नाही. उघड्या गाडीत आजी-आजोबा आणि नातवंडं शेजारी बसतात आणि जिराफ रस्त्यावर आडवा आला तर गाडी थांबते. एपकॉट सोडायचं म्हणाल तर ज्येष्ठांसाठी त्याहून चांगला पार्क तिथे नाही. माझं उत्तर एकच: चारही पार्क, मुक्काम सात रात्रींचा.

घड्याळजी

तुम्ही दोघंही दिवस मोजताय. मोजायचे असतात ते तास, आणि सगळे तास सारखे नसतात.

प्रत्येक राइडची एक क्षमता असते. समजा एखादी राइड ताशी १५०० माणसं घेते. रांगेत १५०० माणसं असतील तर तुम्हाला एक तास उभं राहावं लागणार, ३००० असतील तर दोन. रांगांच्या शास्त्रात जॉन लिटल यांचा १९६१ साली सिद्ध झालेला नियम आहे, तो हेच सांगतो. गेट उघडतं तेव्हा रांगा रिकाम्या असतात आणि माणसं येण्याचा वेग राइडच्या क्षमतेपेक्षा जास्त असतो, म्हणून रांग दुपारपर्यंत वाढतच जाते. पहिल्या दोन तासांत जेवढ्या राइड होतात तेवढ्या बारा ते पाचमध्ये होत नाहीत. डिस्नेच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात. त्या अर्ध्या तासाचं मोल दुपारच्या दोन तासांइतकं आहे. तसंच रात्रीचं. पार्क बंद व्हायच्या क्षणी जे रांगेत आहेत त्यांना सहसा राइड मिळते, त्यामुळे लाडकी राइड शेवटच्या दहा मिनिटांसाठी ठेवावी.

म्हणून माझा मुद्दा असा की नीट वापरलेले तीन दिवस हे ढिसाळ सहा दिवसांपेक्षा जास्त देतात. सकाळी गेटवर सगळ्यांच्या आधी, बारापर्यंत राइड, मग सावकाश जेवण आणि बंदिस्त थंड जागेतले खेळ, संध्याकाळी परत मैदानात. लाइटनिंग लेनचे, म्हणजे पैसे भरून मिळणाऱ्या आखूड रांगेचे, पैसे द्यायचे असतील तर हॉलिवूड स्टुडिओजमध्ये द्या. तिथे मोठ्या राइडांवर सगळ्यांची उडी असते आणि गर्दी पांगायला दुसऱ्या राइड कमी आहेत.

पाऊलवाट

@घड्याळजी, गणित बरोबर आहे. पण त्यात माणूस म्हणजे रांगेतला एक आकडा आहे. सकाळी सहाला उठवलेलं मूल बाराला जेवताना रडतं, ते त्या गणितात कुठे धरलंय?

@सोनचाफा, तिकिटाच्या मुदतीचा मुद्दा मान्य. पण सात रात्री सगळ्यांकडे नसतात. रजा मिळते तेवढ्यातच नातेवाइकांच्या भेटी आणि बाकीचा प्रवास बसवायचा असतो, ऑरलँडोच्या वाट्याला चार-पाच दिवस येतात. त्या चार-पाचांत चार पार्क कोंबू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

कोणते सोडायचे, हे मुलाची उंची मोजून ठरवावं. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन आणि स्लिंकी डॉगसाठी ९७ सेंटीमीटर लागतात. राइज ऑफ द रेझिस्टन्सला १०२. स्पेस माउंटन, एक्स्पेडिशन एव्हरेस्ट आणि अवतारची फ्लाइट ऑफ पॅसेज यांना ११२. ट्रॉनला १२२. मूल ९५ सेंटीमीटरचं असेल तर हॉलिवूड स्टुडिओजमधल्या बहुतेक मोठ्या राइड त्याला बंद, मग पूर्ण दिवस तिथे कशाला घालवायचा? घरीच भिंतीपाशी बूट घालून उभं करा आणि मोजा. गेटपर्यंत जाऊन ‘तू लहान आहेस’ हे परक्या माणसाच्या तोंडून ऐकलं की मुलाचा सगळा दिवस नासतो.

निळीशाई

उंचीबाबत एक भर. राइडर स्विच नावाची सोय आहे. एक पालक मोठ्या मुलाबरोबर राइडला जातो, दुसरा लहान्याबरोबर बाहेर थांबतो. मग अदलाबदल होते आणि दुसऱ्याला ती सगळी रांग पुन्हा लावावी लागत नाही. त्यामुळे लहान भावंड आहे म्हणून मोठ्याचा पार्क रद्द करू नका.

आजोळ

ज्येष्ठांच्या नावाने चर्चा चालली आहे म्हणून लिहिते. त्यांना ‘मोकळा दिवस’ हवाच असतो हे गृहीत धरू नका. हॉटेलच्या खोलीत दिवसभर बसून राहणं माझ्या सासूबाईंना तरी जिवावर येतं. त्यांना हवा असतो अर्धा दिवस. सकाळी जायचं, दुपारी झोप, सूर्य उतरला की परत. त्याच तिकिटावर त्याच दिवशी पुन्हा आत सोडतात.

पण हे जमणं-न जमणं हॉटेलवर अवलंबून आहे, आणि याबद्दल वर कोणीच बोललं नाही. मोनोरेलच्या मार्गावरच्या हॉटेलांतून मॅजिक किंगडमला जाणं-येणं सोपं आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वस्त खोली घेतली तर दुपारची झोप जाण्यायेण्यातच संपते. तेव्हा किती दिवस हे ठरवायच्या आधी कुठे राहायचं ते ठरवा. खोली लांब असेल तर माझा कौल पाऊलवाट यांना, पार्क कमी करा. जवळ असेल तर सोनचाफा यांना.

एपकॉटबद्दल सोनचाफा बोलल्या ते अगदी खरं. वर्ल्ड शोकेसमध्ये अकरा देशांची दालनं तळ्याभोवती आहेत. पूर्ण फेरी जवळजवळ दोन किलोमीटर भरते, पण बसायला जागोजागी बाकं आहेत आणि कोणी घाई करत नाही. लिव्हिंग विथ द लँडमध्ये होडीत बसून हरितगृहांतून जायचं असतं. शेतीत आयुष्य गेलेल्या माणसाला ती होडी सगळ्या रोलरकोस्टरांपेक्षा जास्त आवडते. चाकाची खुर्ची मात्र संकोच न करता घ्या. ‘मी चालू शकतो’ म्हणणारे वडील पहिल्या दिवशी चालतात आणि दुसऱ्या दिवशी उठत नाहीत.

रोलरकोस्टर_वेडा

घरात चौदा-पंधरा वर्षांची मुलं असतील तर डिस्नेला चार दिवस देऊच नका. दोन पुरे. बाकीचे ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या पार्कांना द्या, तिथे मे २०२५ मध्ये एपिक युनिव्हर्स सुरू झाल्यापासून जलउद्यान सोडून तीन पार्क झालेत. डिस्नेचे चारही पार्क बघायलाच हवेत ही समजूत या वयाच्या मुलांवर अन्याय करते.

घड्याळजी

लांबून, नऊ-दहा तासांचा फरक ओलांडून येणाऱ्यांसाठी एक. पहिल्या दोन दिवशी पहाटे तीनला जाग येते आणि संध्याकाळी सहाला डोळे मिटतात. या दिवसांत अ‍ॅनिमल किंगडम ठेवा. तो पार्क बहुधा इतरांआधी उघडतो आणि इतरांआधी बंद होतो, सकाळी प्राणीही जास्त हालचाल करताना दिसतात. रात्रीची आतषबाजी असलेले पार्क तिसऱ्या दिवसानंतर. आणि जून ते सप्टेंबर जाणाऱ्यांनी दुपारचे तास हिशेबातून वजाच करावेत. फ्लोरिडात तेव्हा दुपारी वादळी पाऊस नेहमीचा, आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात.

नवखी_प्रवासी

वाचून आणखी गोंधळले! मुलं ५ आणि ११ वर्षांची, धाकटा १०८ सेंटीमीटर. सोबत नवरा आणि माझे आई-बाबा. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, हातात पाच पूर्ण दिवस, हॉटेल डिस्नेचंच. काय करू?

सोनचाफा

चारही पार्क, चार दिवसांचं तिकीट, तिसरा दिवस मोकळा. डिस्नेच्या हॉटेलात आहात तर लाइटनिंग लेनचं आरक्षण सात दिवस आधी पूर्ण मुक्कामासाठी करता येतं, बाहेरच्यांना तीनच दिवस आधी. त्याचा फायदा घ्या. १०८ सेंटीमीटरच्या मुलाला ११२ आणि १२२ वाल्या सोडून जवळजवळ सगळं खुलं आहे. मॅजिक किंगडमचा दिवस निवडताना मात्र हॅलोवीन पार्टीचं वेळापत्रक बघा. पार्टीच्या रात्री साध्या तिकिटावर आलेल्यांसाठी पार्क संध्याकाळी सहालाच बंद होतो, मग किल्ल्यावरची आतषबाजी हुकते. पार्टी नसलेलाच दिवस घ्या.

पाऊलवाट

मी तीन दिवसांचं तिकीट घेईन. मॅजिक किंगडम, अ‍ॅनिमल किंगडम, एपकॉट, आणि दोन दिवस हॉटेलच्या तरणतलावाला. अकरा वर्षांच्या मुलाला राइज ऑफ द रेझिस्टन्सचं फारच वेड असेल तरच त्यातला एक दिवस हॉलिवूड स्टुडिओजला द्या, त्याचे बाबा त्याला घेऊन जातील, बाकीचे आराम करतील. तेवढ्यासाठी सहाही जणांची तिकिटं काढायची गरज नाही.

आणि पार्टीचा दिवस मी मुद्दाम निवडेन. आतषबाजी बघणारे बहुतेक लोक त्या दिवशी येणं टाळतात, म्हणून दिवसा रांगा आखूड असतात. पाच वर्षांचा मुलगा आणि आजी-आजोबा सहाला तसेही परतणारच आहेत.

सोनचाफा

अकरा वर्षांची मोठी आहे की मोठा, हे त्यांनी लिहिलेलंच नाही, आणि आतषबाजी बघायची हौस कोणाला आहे तेही नाही. @नवखी_प्रवासी, हे घरात विचारा आणि इथे लिहा. घरच्यांच्या पसंतीत आतषबाजी पहिल्या पाचांत आली, तर पार्टीचा दिवस नकोच.