मदत हवी आहे: तव्यावरचा थरांचा टोस्ट खालून ओला पडतो (भरीत + अंडं + चीज)

धुळेकर_नाश्तेवाला

नमस्कार मंडळी,

सध्या घरातला सकाळचा नाश्ता माझ्याकडे आहे. बायकोची शाळा सकाळची, ती साडेसहाला बाहेर पडते आणि मधल्या सुट्टीपर्यंत पोटाला आधार राहील असं काहीतरी तिला लागतं. मुलगी पोहे दिसले की तोंड फिरवते. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दात कमी आणि मतं जास्त.

थंडी पडली आहे, बाजारात भरिताची वांगी आली आहेत, रात्रीचं भरीत थोडं उरतंच. म्हणून या सगळ्यांसाठी भरभक्कम टोस्ट करायला घेतला. खाली ब्रेड, त्यावर लोणी, हिरवी चटणी, भरीत, मग ऑम्लेट, चीज, कांदा-टमाट्याच्या चकत्या आणि वर दुसरा ब्रेड. चव झकास येते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ताटात ठेवला की खालचा ब्रेड लगेच भिजतो. चावा घेतला की भरीत पलीकडून बाहेर येतं. आणि बाहेरून ब्रेड तांबूस झाला तरी आतलं चीज थंडच. आप्पांनी परवा विचारलं, "हाऊ टोस्ट शे का चिखल शे?"

माझ्याकडे बिडाचा तवा आहे आणि गॅसवर धरायचा सँडविचचा टोस्टर आहे, पण एवढे थर घातले की तो मिटत नाही. ओव्हन नाही, घ्यायचाही नाही. ब्रेड कोपऱ्यावरच्या बेकरीतला, कापलेला, मऊ आणि जरासा गोड.

मला विचारायचंय ते असं: थर कोणत्या क्रमाने लावायचे? ब्रेड कसला घ्यायचा? आप्पा अंडं खात नाहीत, तर त्यांच्या टोस्टात अंड्याच्या जागी पोटभरीचं काय घालू? (पनीर सुचवू नका, ते त्यांना रबर वाटतं.) आणि बायकोच्या डब्यात हा टोस्ट दोन-तीन तास धड राहील का?

ब्रेड तब्येतीला वाईट असतो हा प्रतिसाद कृपया नको, तो घरात रोज फुकट मिळतो.

भुसावळची_काकू

भाऊ, ब्रेडला बोल लावू नका, हे भरिताचं काम आहे. भाकरीसोबत खायचं भरीत सैलच असतं, तेच टोस्टात घातलं तर दुसरं काय होणार? वांग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. आपलं जळगावचं भरिताचं वांगं, ते बामणोदकडचं मोठं पोपटी, कमी बियांचं आणि गरदार असतं, पण गर जास्त म्हणजे पाणीही आलंच.

टोस्टासाठी वेगळं करा. वांगी भाजून साल काढली की चाळणीत तिरपी ठेवा, पंधरा-वीस मिनिटांत खाली वाटीभर तांबूस पाणी जमतं. मग बडगीत, म्हणजे भरीत घोटायच्या लाकडी भांड्यात, घोटा. बडगी नसेल तर लाकडी रवीच्या बुडाने ठेचा, मिक्सर अजिबात नको, त्यात त्याचा लगदा होतो. हिरवी मिरची आणि लसूण भाजून, ठेचून घाला. फोडणीत शेंगदाणे चांगले लाल होऊ द्या. मग कढईत उघड्यावर परता, कडेने तेल सुटेपर्यंत. चमच्यावर उचललं की गोळा राहिला पाहिजे.

कांद्याची पात मात्र त्यात शिजवू नका आणि मीठ लावूनही ठेवू नका, तिला पाणी सुटतं. थर लावताना कोरडी, बारीक चिरलेली पात वरून भुरभुरवा. पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास गॅसवर येत नाही हे खरं, पण सकाळी सहाला कपाशीच्या काड्या पेटवायला कोण बसतंय.

चोपड्याचा_भो

काकूंचं बरोबर आहे, पण ब्रेडचंही ऐका भो. कापलेला ब्रेड पातळ असतो, त्याला एवढं ओझं झेपत नाही. बेकरीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, न कापलेला ब्रेड देतो. घरी दातेरी सुरीने बोटभर जाडीचे काप करा. ताज्या ब्रेडचा करू नका, कालचा चांगला. जरा वाळलेला असला की सुरीखाली दबत नाही आणि खरपूसही लवकर होतो.

दुसरं, पहिल्यांदा लोणी न लावता भाजा. कोरडा तवा, मंद आच, दोन्ही बाजू. ब्रेडच्या पृष्ठभागावर ओल आहे तोपर्यंत तो शंभर अंशांच्या वर फारसा तापत नाही, आणि रंग यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. मोठ्या आचेवर टाकला तर वरचा पापुद्रा करपतो आणि आत ओल तशीच राहते. घाई नको. वाजवला तर टकटक आला पाहिजे. मग लोणी लावायचं आणि ते आतल्या बाजूला, कडेपर्यंत. स्निग्ध थर असला की चटणीचं पाणी ब्रेडमध्ये चटकन जिरत नाही. विकतचं लोणी खारं असतं, त्यामुळे भरितात मीठ बेतानेच घाला.

खापरावरची_माय

एवढा खटाटोप करण्यापेक्षा कळण्याची भाकरी करा की! ज्वारी-उडदाची, पातळ थापायची आणि निखाऱ्यावर कडक करायची. त्यावर भरीत, वर तेलाची धार. खालून ओली पडत नाही, वरून सांडत नाही. आमच्याकडे तोच टोस्ट.

धुळेकर_नाश्तेवाला

माय, दंडवत! कळण्याच्या भाकरीला तोड नाही, पण सकाळी साडेपाचला भाकरी थापायला माझ्या हातांना अजून शिकायचंय. शिवाय मुलीला चीज पाहिजे आणि कळण्याच्या भाकरीवर चीज घातलं तर आप्पा घर सोडतील.

सुरतवाली_वहिनी

मी मूळची शिरपूरची, आता सुरतेला. इथे सँडविचच्या गाड्यांवर उभं राहून बघितलंय म्हणून क्रमाबद्दल सांगते.

चीज वर नाही, खाली घाला. भाजलेला गरम ब्रेड, लोणी आणि लगेच चीजचा काप. ब्रेडच्या उष्णतेनेच ते मऊ पडून चिकटतं आणि ओल अडवायला दुसरी भिंत होते. त्यावर ऑम्लेट, ऑम्लेटवर भरीत, पात, आणि वरच्या ब्रेडच्या आतल्या बाजूलाही थोडं किसलेलं चीज. म्हणजे वर-खाली दोन्हीकडे डिंक लागला. भरीत मधोमध, ब्रेडला कुठेच शिवत नाही. चटणी लावायचीच तर ऑम्लेटवर लावा आणि ती पाट्यावरच्यासारखी घट्ट वाटा, पाणी न घालता. शेंगदाण्याचा कूट घातला की छान आळते.

थरांत ओला टमाटा नको. बिया आणि रस काढून फक्त गराच्या फोडी घ्या, नाहीतर सरळ बाजूला ताटात वाढा.

तुमचं चीज थंड राहतं कारण तुम्ही थंड भरीत घालता. रात्रीचं भरीत फ्रीजमधून काढून तसंच घातलं तर बाहेरून कितीही भाजा, मधे गारच राहणार. प्रत्येक थर आधी गरम करून मगच रचा. शेवटी झाकण ठेवून तव्यावर दोन मिनिटं, बस. तव्यावर कडेला पाण्याचे चार थेंब टाकले तर चीज पटकन वितळतं.

चोपड्याचा_भो

वहिनी, बाकी सगळं मान्य, पण पाण्याचे थेंब नको! ती वाफ झाकणाखाली कोंडते आणि परत ब्रेडवरच बसते. इतका वेळ कोरडा केलेला ब्रेड मग ओला कशाला करायचा?

सुरतवाली_वहिनी

बर्गरवाले करतात ना भाऊ, म्हणून म्हटलं. पण तिथे वर पाव नसतो तेव्हा करतात हेही खरं. ठीक आहे, थेंब मागे घेतले.

नंदुरबारी_मिरची

अंड्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. गोल ऑम्लेट ब्रेडच्या बाहेर लोंबतं आणि घसरतं. दोन अंडी फेटून तव्यावर पातळ पसरा, वरची ओल गेली की चारी बाजू आत दुमडून ब्रेडच्या आकाराची चौकोनी घडी करा. आत ओलसर ठेवू नका, डब्यासाठी तर अजिबात नाही, पूर्ण शिजवा. दूध घालू नका, दुधाचं पाणी नंतर सुटतं. आणि लाल मिरची आमच्याकडची असेल तर हात जरा आखडता.

खाताना वरून जाड तिखट शेव घाला, शेवभाजीतली. पण आत घालू नका, मऊ पडते. ताटात वरूनच.

भुसावळची_काकू

आप्पांसाठी सुचवते: पातोडी!

रश्श्यातली नाही, कोरडी वडी. एक वाटी बेसन, पावणेदोन वाटी पाणी, लसूण-मिरची-जिरं वाटून, हळद, मीठ. फोडणीत पाणी उकळायचं, मग एका हाताने बेसन सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. झाकण ठेवून दणदणीत वाफ काढा, गोळा कढईपासून सुटला की तेल लावलेल्या ताटलीत ब्रेडच्या जाडीएवढा थापा. वर तीळ-खोबरं. गार झालं की ब्रेडच्या मापाचे चौकोन कापा. रात्री करून ठेवता येते. सकाळी तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी लाल करायची आणि ऑम्लेटच्या जागी ठेवायची. घट्ट असते, पाणी सोडत नाही, पोटाला आधार देते आणि आप्पांना चावायलाही मऊ. त्यांना ब्रेडच्या कडा टोचत असतील तर त्या कापून टाका, मधला भाग भाजूनही आतून मऊच राहतो.

धुळेकर_नाश्तेवाला

काकू, तुमचे उपकार! पातोडी ब्रेडमध्ये घालायची हे माझ्या सात पिढ्यांना सुचलं नसतं.

आज सकाळी सगळं जमवून केलं. न कापलेला ब्रेड मिळाला, बेकरीवाला "काय पार्टी आहे का?" म्हणून विचारत होता. चाळणीखाली खरंच पाणी जमलं, इतकं की मला आधीच्या सगळ्या टोस्टांची दया आली. चीज खाली घातल्यावर थर हलायचं नाव नाही. आप्पा पातोडीचा अर्धा टोस्ट काही न बोलता खाऊन उरलेल्या अर्ध्याकडे बघत होते. याला आमच्याकडे प्रशस्तिपत्र म्हणतात.

एक गोष्ट माझी मी शोधली: तव्यावरून काढल्यावर टोस्ट ताटात आडवा ठेवला तर खालून वाफ धरते आणि तळ घामेजतो. म्हणून उपड्या चाळणीवर ठेवला, खालून वारा लागतो. हे करून बघा.

डब्याचं मात्र अजून जमलं नाही. बायको म्हणाली, चव चांगली, पण कुरकुर गेली.

नंदुरबारी_मिरची

डबा बंद करताना टोस्ट गरम होता का? गरम टोस्ट फॉइलमध्ये किंवा बंद डब्यात घातला की स्वतःच्याच वाफेने भिजणार. आधी चाळणीवर पूर्ण निवू द्या. मग बटर पेपरमध्ये सैल गुंडाळा. छापील वर्तमानपत्रात नको, शाई अन्नाला लागते. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१६ मध्येच त्याविरुद्ध सूचना काढली होती, तरी आपल्याकडे भजी अजून त्यातच मिळतात.

सुरतवाली_वहिनी

आणि डब्याच्या टोस्टात भरीत घालूच नका असं मी म्हणेन. तीन तास कोणतंही भरीत शहाण्यासारखं वागत नाही. पातोडी, चीज आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी, एवढंच. भरीत हवंच असेल तर छोट्या डबीत वेगळं द्या, मॅडम शाळेत लावून घेतील.

धुळेकर_नाश्तेवाला

हे पटलं. उद्यापासून दोन डबे.

आता एक शेवटचं. रविवारी बहिणीकडची मंडळी अमळनेरहून येणार आहेत, लहानमोठे धरून नऊ जण. पहिला टोस्ट खाऊन होईपर्यंत नववा तव्यावरच असणार. एका तव्यावर एवढं कसं उरकू? आणि मुलं गोड मागतील.

चोपड्याचा_भो

नऊ जणांना एकदम टोस्ट द्यायचा हट्टच सोडा. सगळा ब्रेड पाहुणे यायच्या आधी कोरडा भाजून चाळण्यांवर उघडा मांडून ठेवा, तासभर त्याला काही होत नाही. पातोडी आणि भरीत तयार. पाहुणे बसले की दोन शेगड्या पेटवा: एकीवर ऑम्लेट-पातोडी लाल करायची, दुसरीवर रचलेला टोस्ट झाकण ठेवून दोन मिनिटं. घरातल्या कोणाला तरी रचायला बसवा, तुम्ही फक्त तवा सांभाळा. सुरीने चार तुकडे करून मधे ताट ठेवा, जो तो उचलेल, वाट बघायची गरज नाही.

गोडासाठी आमच्याकडची केळी आहेत की. त्याच भाजलेल्या ब्रेडवर तूप, शेंगदाण्याचा कूट आणि किसलेला गूळ, वर केळ्याच्या जाड चकत्या. केळं तव्यावर शिजवू नका, चिकट होतं. चकत्या खायच्या वेळीच कापा, आधी कापल्या तर काळ्या पडतात आणि मुलं नाक मुरडतात. तवा धुवायलाही लागत नाही.

भुसावळची_काकू

ज्या तव्यावर अंडी केली त्याच तव्यावर नंतर आप्पांची पातोडी नको हं. आधी पातोड्या सगळ्या काढून घ्या, मग ऑम्लेटं. आणि अमळनेरची मंडळी आहेत, ठेचा वाटीभर जास्तच करा.