तळघरातली खोली आणि रेडॉन, मदत हवी आहे

निळी_छत्री:
नमस्कार मंडळी, आम्ही तळघरात मुलासाठी खोली करून घेतली, तो अभ्यासही तिथेच करतो आणि झोपतोही तिथेच. परवा रेडॉनबद्दल (जमिनीतून घरात येणारा किरणोत्सारी वायू) वाचलं आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. फरशी आणि भिंत जिथे मिळते तिथे लांबच लांब भेग आहे, ती सिमेंटने बुजवली की भागेल का? मुलगा रोज सकाळी डोकं जड झालंय म्हणतो, बाहेर गेला की तासाभरात बरा होतो, म्हणजे रेडॉनच ना? शेजारीच पाणी तापवायचा गॅस बॉयलर आहे.

सांजवेळ:
अहो आधी तो बॉयलर बंद करा, बाकी वाचन नंतर! रेडॉनने डोकं दुखत नाही, तो वर्षानुवर्षं श्वासातून जाऊन फुफ्फुसांचा कॅन्सर करतो. घरात डोकं दुखतं आणि बाहेर गेलं की थांबतं, हे कार्बन मोनॉक्साइडचं, म्हणजे गॅस नीट न जळल्यावर होणाऱ्या विषारी वायूचं लक्षण आहे. मुलाला आज वर झोपवा, डॉक्टरांना दाखवा, धुराचा पाइप तपासून घ्या. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच, फक्त त्यात रेडॉन कळत नाही हे लक्षात ठेवा.

मातीचा_माणूस:
सांजवेळ यांच्याशी १००% सहमत. आता रेडॉनचं, जमिनीतल्या युरेनियमपासून तो तयार होत राहतो आणि घरातली गरम हवा वर चढते तसा खालून भेगांतून आत ओढला जातो, म्हणून तळघरात जास्त. आम्हीपण भेगा बुजवल्या होत्या, रेडॉनचा आकडा जवळपास तिथेच राहिला. शेवटी फरशीला भोक पाडून पाइप घातला, फॅन लावून हवा छपराच्या वर सोडली, तेव्हा कुठे उतरला. पण आधी मोजा. रेडॉन मोजायची कोळशाची डबी काही दिवसच ठेवतात, ३ महिने किंवा जास्त ठेवायचा डिटेक्टर मिळाला तर उत्तम कारण रेडॉन रोज बदलतो. जागतिक आरोग्य संघटना घनमीटर हवेला १०० बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) ही मर्यादा धरते, ते शक्य नसेल तर ३०० च्या वर नको म्हणते. घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर धोका कितीतरी वाढतो हो.

निळी_छत्री:
बॉयलर बंद केला. वाकून बघितलं तर धुराचा पाइप सांध्यातून निसटलेला, भिंतीवर तळहाताएवढी काजळी. हात कापत होते बघताना. मुलाला घेऊन दवाखान्यात आलोय, रक्त तपासायला दिलंय. डिटेक्टर खोलीत कुठे ठेवू तेवढं सांगा.

मातीचा_माणूस:
बेडजवळ, श्वासाच्या उंचीवर, खिडकीपासून लांब. मुलाचं कळवा नक्की.