नव्या शहरात चांगली हॉटेलं, बार आणि कामाची माणसं कशी शोधायची?

नवा_भिडू
लोकहो, बदली झाली आहे, शहरात ओळखीचं कोणी नाही. रोज जेवता येईल अशी दोन-तीन हॉटेलं, समोरच्याचं बोलणं ऐकू येईल असा एखादा बार, शिवाय प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि डेंटिस्ट हवे आहेत. अटी दोन: पैसे भरून कुठलंही सभासदत्व घेणार नाही, आणि आठवड्याला दोन तासांपेक्षा जास्त वेळ नाही. शहराचं नाव मुद्दाम देत नाही. मला पद्धत हवी आहे, यादी नको.

चमचा_चाटू
नकाशावरचं सरासरी रेटिंग बघणं आधी सोडा. चाळीस जणांनी दिलेले ४.९ आणि दोन हजारांनी दिलेले ४.३ असतील तर दुसरं धरा. रिव्ह्यू ‘नवीन आधी’ लावायचे आणि तीन-चार महिन्यांच्या मागे जायचं नाही. आचारी बदलला की जुन्या कौतुकाला अर्थ उरत नाही. त्यातही दोन ते चार तारेवाले वाचा, कारण नेमकं काय बिघडलं ते तेच सांगतात. रिव्ह्यूंमध्ये शब्द शोधता येतो. ‘उशीर’, ‘गार’, ‘बिल’ टाकून बघा. एकच तक्रार वेगवेगळ्या महिन्यांत पुन्हापुन्हा दिसली की समजून जा. गिऱ्हाइकांनी काढलेल्या मेन्यूच्या ताज्या फोटोत भाव दिसतात. गर्दीचा आलेखही बघा: कामाच्या दिवशी दुपारी भरणारं हॉटेल आसपासच्या नोकरदारांचं असतं. तुम्हाला रोजचं जेवण हवंय, तेव्हा तेच.

सोनेरी_कार्ड
एवढी उठाठेव कशाला? एखादं डायनिंग सभासदत्व घ्या. चार-पाच मोठी बिलं झाली की पैसे वसूल.

नवा_भिडू
पहिली अट वाचलीत का?

सोनेरी_कार्ड
वाचली. फुकटात फुकटासारखंच मिळतं.

पाना_पक्कड
हॉटेलं कुठेही सापडतील, प्लंबर सापडत नाही. सकाळी हार्डवेअरच्या दुकानात जा. काउंटरवर ‘चांगला प्लंबर कोण?’ विचारू नका, ज्याचा त्याचा मेहुणा पुढे येतो. ‘उधारीवर माल कोणाला देता?’ असं विचारा. दुकानदार पैसे बुडवणाऱ्याला किंवा चुकीचा माल नेऊन सारखा परत आणणाऱ्याला उधार देत नाही.

पहिलं काम छोटं द्या, गळक्या नळाचं वॉशर वगैरे. येण्याचे पैसे वेगळे की बिलात धरणार, हे फोनवरच ठरवा. काढलेला जुना भाग मागून घ्या. टेफ्लॉन टेप आट्या आवळण्याच्या दिशेनेच गुंडाळतो का ते बघा. उलटी गुंडाळली की जोड आवळताना ती गोळा होते. पैसे देण्याआधी पाणी पंधरा मिनिटं चालू ठेवून प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावा. झिरपणारं पाणी डोळ्याला दिसत नाही, कागदावर दिसतं.

इलेक्ट्रिशियनला एकच प्रश्न: ‘एमसीबी (लोड वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) सारखा पडतोय, १६ अँपिअरचा काढून ३२ चा लावता का?’ लगेच ‘लावतो’ म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा. एमसीबी वायरला वाचवायला असतो. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ चा लावला तर वायर तापून जळते तरी तो पडत नाही. चांगला माणूस आधी लोड आणि वायर बघतो.

आणि घरमालकाचा प्लंबर टाळा. तो मालकाचे पैसे वाचवतो, तुमचं गळणं थांबवत नाही.

जुनं_ते_सोनं
टेफ्लॉन कसली लावताय? ताग आणि सफेदा (पांढरा लेप) लावलेला जोड पिढ्यानपिढ्या टिकतो.

पाना_पक्कड
लोखंडी पाइपला टिकतो. प्लास्टिकच्या आट्यांत ताग फुगून बाहेरचा सॉकेट चिरतो. टेपसुद्धा वाजवीपेक्षा जास्त गुंडाळली तर तेच होतं.

जुनं_ते_सोनं
म्हणूनच म्हणतो, पाइपच लोखंडी घ्या.

निशाचर
प्लंबरांनी धागा ताब्यात घेतलाय, बाराचं कोणीतरी बोला. शनिवारी कुठलाही बार पारखू नका. मंगळवार-बुधवारी संध्याकाळी उघडल्या उघडल्या जा आणि काउंटरवर बसा. बर्फ बघा: अर्धवट वितळलेला, ओला असेल तर पेय पहिल्या पाच मिनिटांत पाणचट होणार. व्हर्मुथची उघडलेली बाटली फ्रिजमध्ये आहे की शेल्फवर? ती मुळात वाइन आहे, बाहेर ठेवली की उतरते. बिअरच्या ग्लासला आतून बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास नीट धुतलेला नाही. नळाच्या बिअरला लोण्यासारखा किंवा आंबट वास आला तर बहुतेक पाइपलाइन घाण आहे. ती साधारण दोन आठवड्यांनी धुवावी लागते, शेवटची कधी धुतली ते बिनधास्त विचारा. आणि बारटेंडरला हेही विचारा की सुट्टीच्या दिवशी तो स्वतः कुठे बसतो. बारची यादी त्याच्याइतकी खरी कोणाकडेच नसते.

तारांकित
मिशेलिन गाइड बघा की! १९०० पासून हॉटेलांना तारे देतायत, ते काय उगाच?

चमचा_चाटू
गाइड १९०० चं, तारे १९२६ पासून. शिवाय ते सगळ्या शहरांत नाही, आणि तीन तारे म्हणजे ‘खास प्रवास करून जावं’ असं ठिकाण. या माणसाला मंगळवारी दुपारी जेवायचंय. बघायचंच तर त्यातलं ‘बिब गुरमाँ’ बघा, ते माफक दरातल्या चांगल्या जेवणासाठी असतं.

कोणावर_विश्वास
सगळे रिव्ह्यू विकत घेतलेले असतात. लंडनमध्ये २०१७ साली एका पठ्ठ्याने घरामागची शेड रेस्टॉरंट म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर टाकली आणि खोट्या रिव्ह्यूंवर शहरात पहिल्या क्रमांकावर नेली. कोणी जेवलंच नव्हतं तिथे!

चमचा_चाटू
म्हणून रिव्ह्यू लिहिणाऱ्याच्या नावावर टिचकी मारायची. एकाच आठवड्यात पाच शहरांतल्या दुकानांना पाच तारे दिले असतील तर माणूस भाड्याचा.

वाचनमात्र
कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो: रिव्ह्यू नवीन आधी लावून वाचा. फार फरक पडतो.

दाढदुखी
डेंटिस्टचा नोंदणी क्रमांक डेंटल कौन्सिलच्या यादीत तपासा. पहिल्याच भेटीत तीन-चार रूट कॅनाल सांगितले तर एक्स-रेची प्रत मागा आणि दुसऱ्याला दाखवा. प्रत द्यायला खळखळ केली की उत्तर मिळालंच.

अवांतर: फ्रिज किंवा वॉशिंग मशिनच्या कंपनीचा नंबर सर्च करून कधीच लावू नका, खोटे नंबर वर येतात. बिलावरचा किंवा वॉरंटी कार्डावरचा घ्या. ‘फोनवर हे ॲप टाका, मी इथून बघतो’ म्हणाले की फोन ठेवा.

नवा_भिडू
सगळ्यांचे आभार. जेवण तूर्तास ऑफिसच्या कँटीनमध्येच. बार घरासमोरचाच ठरवला. बर्फ ओला आहे, पण चालत घरी येता येतं. प्लंबर घरमालकाचाच बोलावलाय, उद्या येतोय. डेंटिस्टचा नोंदणी क्रमांक तेवढा तपासला.

पाना_पक्कड
बोंबला. मग निदान बिल कोण भरणार ते मालकाकडून आजच मेसेजवर लिहून घ्या, आणि काम सुरू व्हायच्या आधी गळतीचा व्हिडिओ काढून ठेवा.

जुनं_ते_सोनं
पाइप कसले आहेत ते पण बघा.