मदत हवी आहे : बाईकची बॅटरी चार्ज होत नाही, कॉइल गेली की रेग्युलेटर?

मंडळी, १५० सीसीची बाईक आहे. बॅटरी नवी, रात्रभर उभी राहिल्यावर मल्टीमीटरवर १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना १०.८ पर्यंत उतरते, म्हणजे बॅटरी ठीक असावी. पण गाडी चालू करून रेस दिली तरी १२.२ च्या वर जात नाही. १४ च्या आसपास यायला हवं ना?

मॅग्नेट कॉइलच्या (इंजिन चालू असताना वीज बनवते ती) तीन पिवळ्या वायरींचा कपलर (वायरींचा जोड) काढून तपासलं. मीटरची एक पिन वायरला, दुसरी बॉडीला लावली तर बीप नाही, म्हणजे कॉइल बॉडीला शॉर्ट नाही. मीटर एसीवर ठेवून रेस दिल्यावर तिन्ही जोड्यांत साधारण ४५ व्होल्ट, तिन्हीकडे सारखेच. ओहममध्ये ०.९ दाखवतं, पण मीटरच्या नुसत्या पिना एकमेकींना टेकवल्या तरी ०.४ येतं! स्वस्तातला मीटर, काय करणार.

मेकॅनिक म्हणतो कॉइल बदला. मला आरआर युनिटवर (रेग्युलेटर-रेक्टिफायर, कॉइलच्या एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरतो तो) संशय आहे. ते डायोड मोडवर कसं तपासायचं? लाल पिन पिवळ्यावर की बॅटरीच्या प्लसकडे जाणाऱ्या वायरवर? दोन्हीकडून आकडा आला तर डायोड शॉर्ट समजायचा का? की आधी अर्थिंग आणि फ्यूजचा कपलर बघू? तो थोडा काळवंडलाय.