पहिलं इंजिन किट: साइड रॉड लावले की चाकं एका जागी अडकतात. मदत हवी आहे

नमस्कार. मी खानापूरला असते. धातूच्या किटमधून रेल्वे इंजिनाचं मॉडेल जोडायची ही माझी पहिलीच वेळ. दीड महिना रोज रात्री जेवणं आवरली की तासभर बसून फ्रेम उभी केली, आणि आता अशा ठिकाणी आलेय की हात चुकला तर मागं येता येणार नाही. म्हणून आधी विचारते.

किट ०० या मापाचं आहे, म्हणजे खऱ्या इंजिनाच्या १:७६, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. तीन जोड्या चाकांचं छोटं ब्रिटिश टँक इंजिन, म्हणजे पाण्याची टाकी इंजिनावरच असलेलं. खरं तर मला वायपी, म्हणजे मीटरगेजचं वाफेचं इंजिन, करायचं होतं. आजोबा लोंढ्याला मीटरगेजवर फायरमन होते. १९९०च्या दशकात आमची लाइन ब्रॉडगेज झाली तोवर घरात गाडी म्हणजे मीटरगेजच. पण वायपीच्या चाकांवर बाहेरून जे दांड्यांचं जाळं असतं ते पहिल्या कामात झेपायचं नाही. या टँक इंजिनाचे सिलिंडर फ्रेमच्या आत, बाहेर फक्त साइड रॉड, म्हणजे एका बाजूची चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्या. तेवढंच साधं म्हणून हे घेतलं, आणि अडलं तेही नेमकं रॉडपाशीच.

जोडकामाचं आधी सांगते. फ्रेम जर्मन सिल्व्हरची. सुरुवातीला डाख द्यायची २५ वॉटची सोल्डरिंग इस्त्री वापरली, तर पत्राच सगळी उष्णता ओढून घ्यायचा आणि डाख नुसता गोळ्यासारखा वर बसायचा. ६० वॉटची आणल्यावर तो चिरेत पाण्यासारखा धावला. रोज काम झालं की गरम पाणी, सोडा आणि जुना टूथब्रश घेऊन फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचं रसायन) धुते. फ्रेम काचेवर ठेवली तर डुगडुगत नाही. आक्सल एक सूत जाडीचे, बुशांत (फ्रेमच्या भोकांतल्या कड्यांत) मोकळे फिरतात. समोरासमोरच्या चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.५ मिमी, तिन्ही जोड्यांचं सारखं.

रॉड नसताना फ्रेम बोटानं ढकलली की सुरेख पळते. दोन्ही बाजूंचे रॉड लावले की प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडते, थोडा जोर दिला की टक् करून सुटते. मोटर अजून बसवलेली नाही.

आजोबांना आता नीट दिसत नाही. त्यांनी फ्रेम हातात घेतली, अंगठ्यानं चाक फिरवलं आणि म्हणाले, "अगं, हे लंगडायलंय की." मग समजावलं: दोन्ही बाजूंचे क्रँक (दांडीनं चाक फिरवायचे खुंट) एकाच वेळी डेड सेंटरला, म्हणजे कितीही ढकललं तरी चाक फिरणार नाही अशा जागी, आले तर इंजिन जागचं हलणार कसं? म्हणून एक बाजू दुसरीच्या पाव फेरा पुढं ठेवतात. एका फेऱ्यात इंजिनाचे चार ठोके ऐकू येतात तेही त्यामुळंच. तो पाव फेरा तिन्ही आक्सलांना सारखा नसेल, असा त्यांचा कयास.

मामेभाऊ बेळगावच्या उद्यमबागेत टर्नर आहे. त्याचं म्हणणं, रॉडची भोकं रीमरनं (भोक घासून वाढवायच्या हत्यारानं) मोठी करूया, दोन मिनिटांचं काम. मला भीती वाटते. भोक एकदा मोठं झालं की झालं, आणि दोष दुसरीकडेच असला तर रॉड वाया.

तर प्रश्न एवढाच: दोष चाकांच्या कोनात आहे की रॉडच्या भोकांमधल्या अंतरात, हे काही न कापता, न घासता कसं ओळखायचं?

प्रतिसाद:

ताई, रीमर आत्ता लांबच ठेवा. फक्त डाव्या बाजूचे रॉड लावा, उजवे काढा, आणि फ्रेम काचेवर हलकेच ढकला. मग उलट करून बघा. एका बाजूचे रॉड एकटेच असताना डाव्या-उजव्या कोनाचा संबंध येत नाही. त्यामुळं एकट्या बाजूलाही अडलं तर त्या बाजूच्या रॉडची भोकं आणि आक्सलांमधलं अंतर जुळत नाही असं समजा. दोन्ही बाजू एकेकट्या मोकळ्या फिरल्या आणि एकत्र लावल्यावरच अडल्या, तर दोष कोनाचा.

कोनच असेल तर लक्षात घ्या, तो काटेकोर ९० अंश असण्यापेक्षा तिन्ही आक्सलांना एकसारखा असणं महत्त्वाचं. एका चाकाच्या आऱ्यांमधून पलीकडच्या चाकाचे आरे बघा. ज्या आक्सलावर ते वेगळे दिसतील तो चुकलाय. रॉड दोन तुकड्यांचे असतील तर आधी दोनच आक्सल जोडून मोकळे करून घ्या, तिसरा मागाहून.

धाग्यावर माझं उत्तर:

खूप आभार. काल रात्री करून बघितलं. डावी बाजू एकटी मोकळी, उजवीही एकटी मोकळी, एकत्र लावल्या की टक्. आऱ्यांतून बघितल्यावर मधला आक्सल किंचित पुढं गेलेला दिसला. चाक प्रेसफिट, म्हणजे आक्सलवर नुसतं दाबून बसवलेलं आहे, म्हणून फडक्यात धरून केसभर पिळलं. तीनदा जास्तच फिरलं. चौथ्या खेपेला बसलं. मग काचेच्या एका टोकाखाली शाळेच्या दोन वह्या ठेवल्या, तर रॉडसकट फ्रेम आपल्या वजनानं खाली आली, मधे कुठंही न थांबता.

आजोबांनी पुन्हा अंगठा लावला, दोन-तीन फेरे फिरवले आणि विचारलं, "मोटर कधी घालतीस?" भोकांना हात लावलेला नाही. मामेभावाला तसं कळवलंय. चाकांवरून मोटरला करंट कसा घ्यायचा ते विचारायचं आहेच, त्याचा वेगळा धागा काढते.